पेन ड्राईव्ह काल चालत होता, आज का उडाला?

"मालक, ह्यो पेन ड्राईव्ह फॉरमॅट मागतोय. काल रात्री तर चालत हुता की!"

रुमालात गुंडाळून आणलेला पेन ड्राईव्ह आबांनी काउंटरवर ठेवला. आबा करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. महिन्यापूर्वी संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडायला लागली म्हणून त्यांनी जुना सगळा हिशोब पेन ड्राईव्हवर घेतला आणि कॉम्प्युटरवरून काढून टाकला. उत्पादकांचं रोजचं दूध, फॅट, दर दहा दिवसांची बिलं, उचल, पशुखाद्याची उधारी. अकरा महिन्यांचं सगळं त्या अंगठ्याएवढ्या वस्तूत होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "काल तर चालत होता" हे वाक्य तिथं आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या मुली येतात, फोटोग्राफर येतात, तालमीचे कार्यकर्ते गणपतीच्या वर्गणीचा हिशोब घेऊन येतात. सगळे जवळपास हेच सांगतात आणि सगळे खरंच सांगत असतात. पेन ड्राईव्ह काल खरोखर चालत असतो. जुनी हार्ड डिस्क बिघडायला लागली की अनेकदा कुरकुरते, अडखळते, कॉम्प्युटर रखडतो. आपल्याला काहीतरी चाहूल लागते. पेन ड्राईव्ह मात्र शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट दिसतो आणि एका सकाळी आडवा होतो. तो असं का करतो हे एकदा नीट कळलं, की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

आत काय असतं

पेन ड्राईव्हचं प्लास्टिक काढलं की एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर एक मोठी चिप असते, ती मेमरी. तिच्या शेजारची छोटी चिप म्हणजे कंट्रोलर, या पट्टीचा कारभारी. बाजूला तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची डबी असते. ती कंट्रोलरला ठेका देते. आणि पुढं यूएसबीचं तोंड, चार-पाच ठिकाणी डाग देऊन पट्टीला जोडलेलं. अलीकडच्या नखाएवढ्या पेन ड्राईव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतात. ते दिसायला सुबक असतात, पण बिघडले की दुरुस्तीला हात घालायला जागाच उरत नाही.

मेमरीच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती वीज न वाहणारं अतिशय पातळ आवरण असतं आणि आत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. वीज काढून घेतली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात, म्हणून माहिती टिकते. अशा कप्प्यांच्या या मेमरीला फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ती 1980 च्या दशकात मांडली. आज आपण वापरतो तो तिचा नँड नावाचा प्रकार 1987 मधला. 2000 साली बाजारात आलेल्या पहिल्या पेन ड्राईव्हपैकी एकात जागा होती 8 एमबी. आजच्या मोबाइलचे दोन-तीन फोटो त्यात मावले असते.

आता मुद्द्याचं. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत हे मोजून कंट्रोलर माहिती वाचतो. हे मोजणं कसं चालतं ते कोल्हापूरकरांना लगेच कळेल, कारण दर पावसाळ्यात आपण सगळे तेच करत असतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका. समजा त्या पट्टीवर एकच रेघ असती, वर म्हणजे पूर आणि खाली म्हणजे पूर नाही, तर पाणी फूटभर इकडेतिकडे झालं तरी वाचण्यात चूक झाली नसती. पहिल्या पिढीची फ्लॅश मेमरी अशीच होती: एका कप्प्यात एक बिट, म्हणजे 0 किंवा 1, दोनच पातळ्या. तिला एसएलसी म्हणतात. पण कमी पैशात जास्त जागा हवी म्हणून त्याच कप्प्यात दोन, मग तीन, मग चार बिट भरायला सुरुवात झाली. तीन बिटांसाठी आठ पातळ्या लागतात, चार बिटांसाठी सोळा. म्हणजे तेवढ्याच उंचीच्या पट्टीवर सोळा खुणा. आता पाणी दोन बोटं जरी उतरलं तरी आकडा बदलतो.

आणि पाणी उतरतंच. कुंभारवाड्यातला माठ बाहेरून कोरडा दिसला तरी पाझरत असतो, तसं ते पातळ आवरण वर्षानुवर्षं थोडं थोडं पाझरतं. नव्या आवरणातून कमी, झिजलेल्यातून जास्त. आवरण झिजतं लिहिण्यानं. यूएसबीतून मिळतात 5 व्होल्ट. चिप आतल्या आत त्याचे 15 ते 20 व्होल्ट करते आणि त्या जोरावर इलेक्ट्रॉन आवरणातून आत ढकलते. पुसताना तेच उलट. प्रत्येक वेळी आवरणाला थोडी इजा होते आणि ती भरून येत नाही. ढोबळमानानं एक बिटवाला कप्पा लाखभर वेळा लिहिता-पुसता येतो, दोन बिटवाला काही हजार वेळा, तीन बिटवाला हजार ते तीन हजार वेळा आणि चार बिटवाला त्याहून कमी. तुमच्या पेन ड्राईव्हमध्ये यातली कुठली चिप आहे, हे पाकिटावर बहुधा लिहिलेलंच नसतं. स्वस्त पेन ड्राईव्हमध्ये चांगल्या प्रतीची चिप असेल अशी अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

यावर कुणी म्हणेल, मी कुठं हजार वेळा लिहितो? पण तुम्ही फाइलीत एक आकडा बदलता तेव्हा आत तेवढाच आकडा बदलत नाही. फ्लॅश मेमरीला मधली एक ओळ खोडता येत नाही. शाळेत असा फळा असावा की पुसायचा तर अख्खा पुसायचा, तसे तिचे ब्लॉक असतात. एका ब्लॉकमध्ये शेकडो पानं. म्हणून कंट्रोलर बदललेलं पान दुसऱ्या मोकळ्या जागी लिहितो, जुनं बाद करतो आणि सवड मिळेल तेव्हा चांगली पानं हलवून जुना फळा पुसतो. पेन ड्राईव्हवरूनच टॅली उघडून दिवसभर काम करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या पेन ड्राईव्हमध्ये आतल्या आत किती खोडाखोड होत असेल याचा अंदाज त्यांना नसतो.

मग आधी कळत का नाही?

कारण कारभारी गप्प बसतो. कप्पे पाझरले, चार आकडे चुकीचे वाचले गेले, तरी कंट्रोलर ते गणितानं दुरुस्त करून तुम्हाला बरोबर फाइल देतो. त्यासाठी प्रत्येक पानाबरोबर थोडी जास्तीची माहिती लिहून ठेवलेली असते. एखादा ब्लॉक फारच झिजला तर तो बाद करून राखीव साठ्यातला वापरतो. ही सोय चांगलीच आहे, तिच्याशिवाय आजची स्वस्त मेमरी एक दिवस चालली नसती. पण याच सोयीमुळं चुका वाढत असतात आणि आपल्याला सगळं आलबेल दिसतं. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की त्या पानावरची माहिती एकदम हातची जाते. आबांना काल रात्री काही दिसलं नाही, कारण काल रात्रीपर्यंत कंट्रोलर सावरून घेत होता.

काही पेन ड्राईव्ह जाता जाता एक खूण देतात. राखीव साठा संपला की कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि 'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश येतो. लोक इंटरनेटवर ते काढायच्या युक्त्या शोधत बसतात. कृपा करून तसं करू नका. बाजूला छोटं बटण असेल तर ते सरकलंय का एवढं पाहा. नसेल तर हा शेवटचा निरोप समजा आणि त्याच मिनिटाला आतलं सगळं दुसरीकडे घ्या. कॉपी एकाच फाइलपाशी येऊन अडकणं, पेन ड्राईव्ह मधूनच तुटल्यासारखा जाऊन परत येणं, हात लावता येणार नाही इतका तापणं, याही तशाच खुणा.

कपाटात न वापरता ठेवलेल्या पेन ड्राईव्हचं काय? अनेकांना वाटतं की वापर नाही म्हणजे झीज नाही, म्हणजे तो सुरक्षित. झीज होत नाही हे खरं, पण पाझर थांबत नाही, आणि उष्णतेनं तो वाढतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ड्राईव्ह ठेवणं म्हणूनच वाईट. एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी वापरतात त्या फ्लॅश मेमरीच्या डिस्कसाठी, जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. घरगुती वापराच्या एसएसडीचं ठरलेलं लिखाण पूर्ण होऊन ती झिजल्यावर, वीज न देता 30 अंश सेल्सिअसला ठेवली तर 1 वर्ष माहिती टिकली पाहिजे. झिजलेल्या मेमरीकडून अपेक्षा एवढीच. नवी चिप पुष्कळ जास्त टिकते, पण पेन ड्राईव्हच्या पाकिटावर अशी हमी मला कधी दिसलेली नाही. वर्षातून एकदा नुसता लावला की तो बॅटरीसारखा 'चार्ज' होतो, असाही एक समज आहे. लावल्यानं आतलं पुन्हा लिहिलं जाईलच असं नाही. सगळं कॉम्प्युटरवर घेऊन, तपासून, पुन्हा नव्यानं लिहिलं तरच पातळी नव्यानं भरते.

कारभाऱ्याची वही

माझ्याकडे येणारे पेन ड्राईव्ह सगळेच मेमरी झिजल्यामुळं गेलेले नसतात. तुमची फाइल खरोखर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याची कंट्रोलर एक वही ठेवतो. सारखी हलवाहलव चालते म्हणून ही वही सारखी बदलते. ती लिहिताना तुम्ही पेन ड्राईव्ह ओढून काढला किंवा यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरची लाईट गेली, तर वही अर्धवट राहते. मग मेमरीत सगळं शाबूत असूनही पेन ड्राईव्ह रिकामा दिसतो, शून्य बाइट दाखवतो किंवा 'डिस्क घाला' म्हणतो. 2018 च्या अखेरीस आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून पेन ड्राईव्ह 'क्विक रिमूव्हल' पद्धतीवर ठेवलेला असतो, म्हणजे विंडोज लिहायचं काम स्वतःकडे साठवून ठेवत नाही. त्यामुळं 'इजेक्ट' करायची गरज उरली नाही असं बरेच जण म्हणतात. विंडोजचं काम संपलं तरी आतल्या कारभाऱ्याचं संपलं असेलच असं नाही. मी अजूनही इजेक्ट करतो आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावत नाही.

विंडोजचीही स्वतःची एक अनुक्रमणिका असते. फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राईव्हवर ती सुरुवातीच्या भागात असते. ती वाचता आली नाही की विंडोज म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करा. या संदेशाचा खरा अर्थ 'मला अनुक्रमणिका वाचता येत नाही' एवढाच असतो. पुस्तकाचं पहिलं पान फाटलं म्हणून बाकीचं पुस्तक रद्दीत घालायचं कारण नाही. त्या खिडकीत 'रद्द करा' दाबा.

व्हायरसचा एक प्रकार कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षं फिरतोय. सगळे फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात. त्यात फाइली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता अँटीव्हायरसनं साफ करून लपलेल्या फाइली दाखवायची सोय सुरू केली की बहुतेक वेळा सगळं सापडतं.

बाकी मग साधे अपघात. सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावलेल्या पेन ड्राईव्हला गुडघा लागतो, डाग सुटतो. असा पेन ड्राईव्ह वाकवून, दाबून धरून चालवायचा प्रयत्न करू नका. ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येते, पण वाकवताना चिपच चिरली तर मग काही करता येत नाही. कपड्यांबरोबर धुतला गेलेला पेन ड्राईव्ह मात्र अनेकदा वाचतो. वीज न देता दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायचा, एवढंच.

खोटा टीबी

चारशे-पाचशे रुपयांत 2 टीबीचा पेन ड्राईव्ह मिळतो, असं सांगत लोक आनंदानं तो दाखवायला येतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो 2 टीबीचा नसतो. आत 16 किंवा 32 जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. विंडोज त्याला विचारतं, जागा किती? तो म्हणतो, 2 टीबी. तुम्ही फाइली टाकत जाता, नावं दिसत राहतात, कुठलीही चूक येत नाही. खरी जागा संपली की तो नवीन माहिती जुन्यावर लिहितो किंवा सरळ टाकून देतो.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या ताईंनी लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ अशा पेन ड्राईव्हवर घेतले होते. हळदीचे फोटो उघडत होते. अक्षता पडतानाचे उघडत नव्हते. फाइलीचं नाव होतं, आकार होता, आत काहीच नव्हतं. ते फोटो कधी लिहिलेच गेले नव्हते, त्यामुळं जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ते परत आले नसते. फोटोग्राफरकडे मूळ प्रत होती का, हे विचारायला मी सांगितलं. त्यानं दोन महिन्यांनी कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं.

नवीन पेन ड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड घेतलं की मी आधी ते पूर्ण भरून परत वाचून बघतो. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ3 या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनी हे होतं. मोठ्या पेन ड्राईव्हला बराच वेळ लागतो. रात्री लावून ठेवायचं.

गेलाच तर

पहिली गोष्ट म्हणजे थांबायचं. फॉरमॅट नाही, विंडोजची 'एरर दुरुस्त करा' ही सोय नाही, नवीन काही लिहिणं नाही. दुसऱ्या पोर्टला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला एकदा लावून बघा. दिसला तर आधी महत्त्वाच्या फाइली कॉपी करा, सगळं व्यवस्थित लावायचा विचार नंतर. कॉम्प्युटर त्याला ओळखतोय पण फाइली देत नसेल, तर जाणकार माणूस आधी त्याची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर काढतो आणि मग टेस्टडिस्क, फोटोरेकसारखी साधनं त्या प्रतिमेवर चालवतो. मूळ पेन ड्राईव्हवर प्रयोग करणाऱ्याकडे तो देऊ नका. फाइली परत मिळवायचा प्रोग्रॅम त्याच पेन ड्राईव्हवर इन्स्टॉल करणारेही मी पाहिलेत. ज्या जागी हरवलेली फाइल आहे तिथंच तो जाऊन बसतो. कॉम्प्युटर अजिबात ओळखतच नसेल तर चिप सोडवून वाचावी लागते. ते काम माझ्यासारख्या दुकानात होत नाही, खास प्रयोगशाळा लागते आणि खर्चही तसाच येतो. देण्याआधी आकडा विचारा आणि फाइली नाही मिळाल्या तर किती द्यायचे हेही विचारा.

बॅकअप म्हणजे काय

आबांना मी विचारलं, "आबा, बॅकअप होता का?"

"हाय की. ह्योच बॅकअप."

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कॉम्प्युटरवरून काढून पेन ड्राईव्हवर ठेवलं म्हणजे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं. प्रत एकच राहिली. एक प्रत गेली तरी काम न अडता चालू राहतं तेव्हा त्याला बॅकअप म्हणायचं. पेन ड्राईव्ह या गावातली फाइल त्या गावात न्यायला उत्तम आहे. छापखान्यात न्या, झेरॉक्सला न्या, कॉलेजला न्या. मुक्कामाला ठेवू नका.

एकच प्रत असली की काय होतं, हे या शहराला नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथं एकामागून एक मूकपट काढले. त्यातले बहुतेक आज कुणालाच बघता येत नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म पटकन पेट घ्यायची आणि जपली तरी सडायची, प्रती मोजक्या. त्यांच्याकडे दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता. आपल्याकडे आज प्रत काढायला दोन मिनिटं लागतात.

फोटोग्राफर पीटर क्रो यांनी रूढ केलेला 3-2-1 नावाचा एक साधा नियम आहे. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मला हा नियम आधीपासून माहीत होता. गिऱ्हाइकांना सांगतही होतो. माझ्या स्वतःच्या दोन प्रती होत्या: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये व्हीनस कॉर्नरकडून पाणी शाहूपुरीत आलं तेव्हा दोन्ही एकाच रात्री बुडाल्या. पाणी उतरल्यावर ड्रॉवर उघडला तर आत चिखल होता. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, आणि माझ्या वडिलांनी हातानं काढलेल्या अक्षरांची स्कॅन केलेली पानं. वडील तोवर गेले होते. ती पानं परत मिळाली नाहीत, आणि ती आठवण अजून टोचते. नियमातला शेवटचा '1' मी सोडला होता.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. तेव्हा एक हार्ड डिस्क गडहिंग्लजला बहिणीच्या कपाटात होती. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, दुकान उघडता येत नव्हतं, पण फाइलींची काळजी नव्हती.

तर, साधनं कुठली? घरातल्या फोटोंसाठी आणि संस्थेच्या दप्तरासाठी मी बाहेरची फिरती हार्ड डिस्क सुचवतो. ती चुंबकीय असते, त्यामुळं वीज नसताना कपाटात पेन ड्राईव्हपेक्षा जास्त भरवशाची. चालू असताना हातातून पडली तर मात्र संपली. एसएसडी वेगवान आहे, धक्के सोसते, पण आत तीच फ्लॅश मेमरी आहे. रोजच्या कामाला घ्या, कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला नको. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम लावून ठेवली तर वीज कडाडली किंवा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला की कॉम्प्युटरबरोबर तीही जाते.

दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणून क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची जागा, सोयीचा. गूगलच्या एका खात्याला 15 जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा. दूध संस्थेच्या हिशोबाला एवढी जागा भरपूर होते. लग्नाच्या व्हिडिओंना पुरत नाही. इथं एक फसगत लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवरचा फोल्डर क्लाउडशी 'सिंक' केला असेल तर तुम्ही इथं फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, मग कायमची जाते. मार्चमध्ये चुकून पुसलेली फाइल जूनमध्ये ऑडिटर मागतो, तेव्हा सिंक उपयोगाला येत नाही. म्हणून तारीख घातलेली वेगळी प्रत हवीच. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला तर आपण आपल्याच फाइलींना मुकतो, तेही एकदा तपासा. लोकांची आधार, बँक खाती असलेल्या फाइली क्लाउडवर किंवा डिस्कवर ठेवताना पासवर्ड घालून ठेवा आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

फोटो व्हॉट्सअॅपवर आहेत, म्हणजे बॅकअप झाला, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की तिथं साधेपणानं पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मोबाइलवर चांगला दिसतो, फ्रेम करायला मोठा छापला की फुटतो. मार्कशीट, वाहन परवाना यांसाठी सरकारचं डिजिलॉकर आहे, ते जरूर वापरा.

आणि घेतलेला बॅकअप उघडून बघा. हे जवळपास कुणीच करत नाही. रोज संध्याकाळी इमानदारीनं बॅकअप घेणाऱ्या एका पतसंस्थेत मी गेलो होतो. वर्षभर रिकामा फोल्डर कॉपी होत होता, कारण सॉफ्टवेअर बदलल्यावर डेटाची जागा बदलली होती आणि बॅकअपला कुणी ते सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तो बॅकअप परत चढवायचा, मागच्या महिन्याचं एक बिल उघडायचं, छापील बिलाशी ताडून बघायचं. एवढं केलं की रात्री झोप लागते.

आबांच्या पेन ड्राईव्हचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कॉम्प्युटर त्याला ओळखत होता, ही जमेची बाजू. मी प्रतिमा काढायला लावली. पहिला भाग वाचता येत नव्हता, पुढचं सावकाश येत होतं. आबा समोरच्या खुर्चीत बसून होते, चहा घेतला नाही. फॅट32 बनवणाऱ्यांनी पेन ड्राईव्हच्या पहिल्याच पानाची एक राखीव नक्कल थोडी पुढं ठेवायची सोय केलेली आहे, आणि अनुक्रमणिकाही दोनदा लिहिलेली असते. पहिली फाटली होती, दुसरी शाबूत होती. प्रतिमेवर त्या नकलेवरून पहिलं पान पुन्हा उभं केलं आणि फोल्डर दिसायला लागले. दहा महिन्यांचा हिशोब पूर्ण मिळाला, अकराव्या महिन्यातल्या काही फाइली फुटल्या होत्या. त्या दिवसांची दूध संकलनाची छापील पानं संस्थेत होती. पोरांनी दोन रात्री बसून आकडे भरले.

पुढच्या शनिवारी आबा दोन नव्या हार्ड डिस्क घेऊन आले. मी मार्करनं एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' लिहिलं. एक आठवडा 'अ', पुढचा आठवडा 'ब'. जी वापरात नाही ती संस्थेच्या इमारतीत ठेवायची नाही. 31 मार्चची प्रत वेगळ्या फोल्डरात, तिच्यावर कधीच काही लिहायचं नाही. आबांनी वहीत टिपून घेतलं.

"मग ही 'ब' कुठं ठिवू?"

"नदीपास्नं लांब कोण आहे तुमचं?"

"लेक दिलीया आजऱ्याला."

"मग तिकडं द्या."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. 'अ' घेऊन जावई आला होता, 'ब' त्याच्याबरोबर परत जाणार होती आणि देण्याआधी उघडून बघायची असते ना, हे विचारायला त्यांनी फोन केला होता.